रोज एक वीत

माझ्या शेजारच्या देवानंद कापगत्यांना चुकीची गाठ दिसली की त्यांचं डोकं फिरतं. मग ती गाठ कुणाची, कशाची, आपला तिच्याशी संबंध काय, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. आमच्या भिलाईच्या जुनवानीत गणपतीचा मांडव उभा राहिला की डेकोरेशनवाली पोरं जेवायला जायची हे वाट बघतात आणि मग सगळे दोर सोडून पुन्हा स्वतःच्या हाताने बांधतात. एकदा नेहरू नगरजवळ हायवेवर त्यांनी चालता ट्रक हात दाखवून थांबवला, कारण मागे लोखंडी कपाटांना बांधलेला दोर त्यांना पसंत नव्हता. ड्रायव्हर अंगाने त्यांच्या दुप्पट होता, तरी निमूट बाजूला उभा राहिला. मी आणि त्यांची बायको रमा ऑटोत बसून होतो. ज्या लग्नाला निघालो होतो ते आम्ही पोचेपर्यंत लागून गेलं होतं.

गल्लीत त्यांना सगळे भाऊच म्हणतात. भाऊ साकोलीकडच्या शेतकरी घरातले. अंबाडीचा दोर वळायला बापाने शिकवलं आणि त्या एका विद्येवर विसाव्या वर्षी ते भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये खलासी म्हणून लागले. खलासी म्हणजे अवजड सामान दोर, साखळ्या आणि पुलीच्या जोरावर उचलून नेमकं जागेवर बसवणारा माणूस. मी त्याच खात्यात ऑफिसात क्लार्क होते. त्यांच्या रजेचे अर्ज मी लिहायची, कारण त्यांच्या हातचं अक्षर त्यांनाही लागत नसे. तेव्हापासून मी त्यांची ‘मॅडम’ आहे. दोघंही रिटायर झालो, शेजारी शेजारी घरं बांधली, तरी वसुंधराताई म्हणणं काही त्यांना जमलं नाही.

छत्तीस वर्षांत त्यांनी एकच धर्म पाळला, तो म्हणजे लोड हलता कामा नये. क्रेनला लटकलेलं वीस टनांचं धूड जरा जरी झुलायला लागलं तरी खालच्या माणसाचा जीव जातो, म्हणून झोका मारणं, म्हणजे झुलणारा लोड जागीच शांत करणं, हीच खलाशाची खरी कला. गळ्यात शिट्टी आणि दोन हातांच्या खुणा एवढ्यावर भाऊ कसलाही झोका मारायचे. दुरुस्तीसाठी शटडाउन असला की इंजिनियर लोक त्यांना शोधत कँटीनपर्यंत यायचे.

मग छपन्नाव्या वर्षी मेडिकलमध्ये कानाचा दोष निघाला. तोल सांभाळता येईना. उंचीवर काम करायला प्लांटमध्ये हाइट पास लागतो, तो त्यांचा रद्द झाला. शेवटची चार वर्षं त्यांनी टूल रूममध्ये काढली, दुसऱ्यांना दोर आणि हुक वाटत. कुणी त्यांना वाईट वागवलं नाही. पण वर काम चालू असताना आपण खाली उभं राहायचं, हे त्यांना आतून खाऊन टाकत होतं. घरी आल्यावर तर ते स्वतःच्या गच्चीवरही चढेनात. पाण्याच्या टाकीचा नळ बिघडला तर रमा चढायची आणि हे खालून बघत उभे. रिटायर झाल्यावर तर फारच वाईट. सकाळी पेपर, दुपारी झोप आणि संध्याकाळी लोकांच्या गाठी सोडणं.

त्यांची मुलगी उन्नती जनावरांची डॉक्टर. अंजोऱ्याच्या कॉलेजात शिकली आणि दोन वर्षांपूर्वी इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या एका केंद्रात कामाला गेली. तिथे ओरांगउटान वाचवतात. ओरांगउटान म्हणजे लाल केसांचं, माणसाच्या वजनाचं, जन्मभर झाडावरच राहणारं वानर. जंगलं तुटली की त्यांची पिल्लं लोकांच्या हाती लागतात आणि कुणाकुणाच्या घरामागे पिंजऱ्यात वाढतात. केंद्र अशा पिल्लांना सोडवून आणतं आणि जंगलात राहायला शिकवतं. शिकली ती सुटतात. नाही शिकली ती पिंजऱ्यातच म्हातारी होतात.

एका रविवारी उन्नतीने व्हिडिओ कॉलवर आईला पिंजरे दाखवले. दर महिन्याला आमचे दोर आणि झुले तुटतात, असं ती सहज म्हणाली. भाऊ मागून आले, त्यांनी रमाच्या हातून फोन घेतला आणि पडद्याला नाक लावलं.

“कोनं बांधलं हे?” त्यांनी विचारलं.

उन्नतीने सांगितलं की निरनिराळ्या देशांतून स्वयंसेवक येतात, तेच बांधतात. शिक्षक असतात, बँकेतले असतात, मनाने फार चांगले लोक. भाऊंनी मनाबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, फॉर्म भरायचा आहे.

फॉर्म अर्थातच इंग्रजीत होता. तुम्हाला वन्यप्राण्यांसाठी काम का करायचं आहे, असा एक प्रश्न होता. मी करुणा, निसर्ग, पृथ्वीचं ऋण वगैरे घालून पाच सुंदर ओळी लिहिल्या आणि मराठीत अर्थ सांगितला. भाऊंनी सगळं खोडायला लावलं. “लिवा, तुमच्या गाठी चुकल्या हायेत,” म्हणाले. मी तेच लिहिलं. हाइट पासची गोष्ट मी गाळणार होते, तर तेही त्यांनी लिहायला लावलं. आठ दिवसांनी उत्तर आलं की आठ आठवड्यांसाठी या, आणि आमच्याकडे स्वयंसेवकाला दोन मीटरच्या वर चढायची परवानगीच नाही. भाऊ बऱ्याच महिन्यांनी हसले.

रमा मात्र हसली नाही. बासष्टाव्या वर्षी माणसं तीर्थाला जातात, हा वानरांकडे चालला, असं ती अख्ख्या गल्लीला सांगत होती. तरी तिने शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट आणि दोन किलो चिवडा बांधून दिला. खरं सांगते, मीसुद्धा मनात म्हटलं होतं की हे पंधरा दिवसांत परत येतात.

पुढचं मी उन्नतीच्या फोटोंवरून, रोजच्या फोनवरून आणि भाऊंनी परत आल्यावर तीन-तीनदा सांगितल्यावरून लिहिते आहे.

तिथे पोचताच आधी त्यांची टीबीची तपासणी झाली. माणसाचा साधा खोकलाही त्या प्राण्यांना बाधतो, म्हणून तोंडाला मास्क, आणि कुठल्याही ओरांगउटानला हात लावायचा नाही. प्राणी शेजारच्या पिंजऱ्यात बंद केल्यावरच यांनी आत जाऊन काम करायचं. भाऊंना ते पटलं, प्लांटमध्येही चालू मशीनजवळ कुणी जात नाही. भाषेचा प्रश्न आला नाही. केंद्राचा मिस्त्री तिथल्या दयाक जमातीचा माणूस होता, तरुणपणी बंदरात क्रेनखाली राबलेला. भाऊंनी तर्जनी वर करून हवेत छोटा गोल फिरवला, मिस्त्रीने पुलीची साखळी ओढायला सुरुवात केली. भाऊंनी मूठ आवळली, मिस्त्री थांबला. क्रेनच्या खुणा सगळ्या जगात सारख्याच. संध्याकाळपर्यंत मिस्त्री त्यांचा चिवडा खात होता.

दोन आठवड्यांत भाऊंनी जुनं सगळं उतरवून नवं उभं केलं. आगीच्या बंबाचे जुने पाइप तिथे खूप येतात, ते फाडून, वळून त्यांनी मनगटाएवढे दोर केले. खांब ते खांब असे ताणले की टिचकी मारली तर वाजावेत. सहा ओरांगउटानांच्या वजनाची वाळूची पोती टांगून एक दिवस एक रात्र ठेवली. दोर बोटभरही खाली आला नाही. उन्नतीने फोटो पाठवला, मी तो रिटायर लोकांच्या ग्रुपवर टाकला, आणि आमच्या जुन्या फोरमनने लिहिलं की हे बांधकाम भिलाईचं आहे, सांगायची गरज नाही. भाऊंना मी ते वाचून दाखवलं. तेव्हा त्यांची छाती किती फुगली ते मला फोनवरही कळलं.

ज्या पिंजऱ्यात त्यांनी पहिला दोर ताणला त्यात मेलाती होती. मेलाती म्हणजे त्यांच्या भाषेत मोगरा. सात वर्षांची मादी, पाच वर्षं एका दुकानामागच्या लाकडी खोक्यात वाढलेली. खोकं इतकं बुटकं की तिला नीट उभं राहता येत नसे. केंद्रात येऊन वर्ष झालं तरी ती जमिनीवरच बसायची, मुठी टेकत चालायची आणि रात्री पोतं डोक्यावर ओढून फरशीवर झोपायची. बाकीचे वर उड्या मारत आणि ही खाली. केंद्राजवळच्या नदीत एक बेट आहे, तयार झालेल्यांना आधी तिथे सोडतात. बेटाची यादी भाऊंच्या आठव्या आठवड्यात ठरणार होती. मेलातीची ही शेवटची संधी. यादीत आली नाही तर तिला कायमच्या पिंजऱ्यात हलवायचं, असं केंद्राच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ठरवून टाकलं होतं. मागे आणखी पिल्लं रांगेत होती आणि जागा नव्हती.

भाऊंनी मेलातीची फाइल उन्नतीकडून वाचून घेतली आणि मला फोन केला.

“हिचा बी हाइट पास कापला हाये, मॅडम,” ते म्हणाले. “फरक एवढाच, का मी छत्तीस वर्सं वर राहून आलो. हिनं वर काय असते ते पाह्यलंच नाही.”

ही वर गेलीच पाहिजे, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. मला ते आवाजावरून कळलं.

पण मेलाती नव्या दोरांकडे ढुंकून बघेना. बाकीचे ओरांगउटान त्यावरून असे चालत गेले जसे आपण जिन्याचा कठडा धरून चालतो. त्यातला एक पुढे जंगलाच्या भागात सोडला, तर पहिल्याच बारीक फांदीवरून खाली आला. डॉक्टरीणबाई उन्नतीशी बोलल्या. उन्नतीने दोन दिवस मूग गिळले आणि तिसऱ्या दिवशी वडिलांना पिंजऱ्यासमोर उभं करून सांगितलं.

“पापा, मजबूत लय झालं. प्रॉब्लेम तेच आहे. ये हिलता ही नहीं.”

भाऊंना आधी समजलंच नाही. हललं तर ते काम कसलं? उन्नतीने समजावलं की जंगलात एकही फांदी स्थिर नसते, पाय ठेवला की ती वाकते, झुलते. इथे आपण त्यांना तेच शिकवायचं असतं. ताठ दोरावर शिकलेलं ओरांगउटान झाडावरून पडतं. म्हणजे छत्तीस वर्षं जो झोका मारायला शिकले, तो झोकाच तिथे हवा होता. आणि यांनी सहा पट वजनाने तो पक्का मारून ठेवला होता. जगातल्या दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक इतकी उत्तम झाली नसती, हे मी आज हसून लिहिते, पण त्या संध्याकाळी मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

दोन दिवस ते पिंजऱ्यांकडे फिरकले नाहीत. मग रमाला फोन करून म्हणाले, तिकीट बदलून घेतो, येतो परत. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. मला वाटलं आता ही आनंदाने उडी मारेल. रमाने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

“गेले तवा मले इचारलं नाही,” ती म्हणाली. “आता येतानी कावून इचारता? काम अर्धं टाकून कधी घरी आले तुमी?”

आणि तिने फोन ठेवून दिला. ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी भाऊ जंगलाच्या कडेला असलेल्या टपरीत जाऊन बसले. जवळपास एक मोठी मादी राहत होती, आधीच सुटलेली. तीन दिवस सकाळ ते संध्याकाळ तिलाच बघितलं. त्यांनी पाहिलं की तिला एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं असलं आणि मध्ये अंतर असलं, तर ती उडी मारत नाही. ती आपलं वजन एका बाजूला टाकते, झाड वाकतं, परत येतं, मग ती दुसऱ्यांदा त्याच वेळेला वजन टाकते. तिसऱ्या झोक्याला झाड पुरतं वाकतं आणि समोरची फांदी तिच्या हातात येते. भाऊ टपरीत उभेच राहिले. झोका कधी येतो, कुठे थांबतो, कुठे फिरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मारायला जे कळावं लागतं, द्यायलाही तेच कळावं लागतं. त्या दिवशी त्यांनी मला फोन करून सांगितलं की ते स्वतः मूर्ख आहेत. फार खुशीत होते.

मग त्यांनी स्वतःच्या हाताने आपलं बांधकाम सोडलं. ताणलेले दोर ढिले झाले, मध्ये ट्यूबचे रबर आले, उभे बांबू एकाच टोकाला बांधून लटकले. मेलातीसाठी मात्र त्यांनी वेगळंच केलं. बंबाच्या पाइपांची एक रुंद झोळी विणली, चारी कोपरे मिस्त्रीने वर टांगलेल्या एका पुलीला जोडले आणि झोळी चक्क फरशीवर पसरून ठेवली. तिच्यावर मेलातीचं पोतं टाकलं. मेलाती रात्री आली, पोतं डोक्यावर ओढलं आणि झोळीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या पिंजऱ्यात गेल्यावर भाऊंनी बोटाने हवेत गोल फिरवला. “हबेस,” ते म्हणाले. उचल, हा खलाशांचा जुना शब्द. मिस्त्रीने साखळी ओढली. झोळी एक वीत वर आली आणि भाऊंनी मूठ आवळली. एवढंच. त्या रात्री मेलाती एक वीत उंचावर झोपली आणि तिला कळलंही नाही. पुढच्या दिवशी दोन वीत. मोठी अवजड मशीन बसवताना ते हेच करायचे, एका वेळी थोडं उचलायचं, थांबायचं, बघायचं. रोज झोळीत पानांच्या ताज्या डहाळ्या टाकायचे. काही दिवसांनी मेलाती त्या डहाळ्या मोडून अंगाखाली घ्यायला लागली. उन्नती म्हणाली, घरट्याची सुरुवात अशीच होते. वर चढायला झोळीखाली एक झुलता दोर होता, झोळी उंच होईल तसा तोही लांब होत गेला.

आमच्याकडे रोज सकाळी रमाचा पहिला प्रश्न असे, किती वीत झाले? तिने ओट्याजवळच्या भिंतीवर हात लावून मोजायला सुरुवात केली होती. नऊ वीत झाले तेव्हा तिला स्टुलावर चढावं लागलं.

अकराव्या दिवशी घात झाला. मेलाती झोळीत असताना जाळीबाहेर कुणाच्या तरी हातून बादली पडली. ती दचकली, झोळी हेलकावली, आणि ती दोराला धरून कशीबशी घसरत खाली आली. मग भिंतीला पाठ लावून बसली ती बसलीच. त्या रात्री फरशीवर, दुसऱ्या रात्रीही फरशीवर. यादीला आता तीन आठवडेही उरले नव्हते. उन्नती म्हणाली, खाणं फक्त वरच ठेवू या. भूक लागली की चढेल. भाऊंनी नकारार्थी मान हलवली.

“लोड भेला तर थांबाचं,” ते म्हणाले. “ओढाचं नाही. आरिया.”

आरिया म्हणजे खाली. अकरा दिवसांची कमाई त्यांनी एका सकाळी फरशीवर आणून ठेवली. उन्नती चिडून बाहेर निघून गेली. मला तिचा राग समजतो. वेळ हातातून चालला होता आणि हा माणूस पुन्हा शून्यावर आला होता.

मेलाती झोळीवर परत झोपायला लागली. रोज एक वीत, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी झोळी गुडघ्याच्या वर होती. दुपारी मेलाती तीत बसली होती. ती इकडेतिकडे बघायला लागली, मग वर बघायला लागली. जिथे आठवड्यापूर्वी तिचं अंथरूण होतं, त्या जागेकडे. ती बराच वेळ तिकडेच बघत राहिली. मग तिने पोतं काखेत मारलं, जवळ लटकणारा दोर धरला आणि चढली. दोर झुलला, तशी ती थांबली, त्याच्याबरोबर झुलली आणि पुन्हा चढली. अकरा वीत उंचीवर आली तेव्हा तिथे झोळी नव्हतीच. पुलीजवळच्या आडव्या बांबूवर ती बसली, पोतं मांडीवर घेतलं आणि तिथून खाली यायला तयार होईना.

भाऊंनी जाळीबाहेर उभं राहून हे बघितलं. खाली राहून काम करणं यात कमीपणा आहे असं सहा वर्षं मनात धरून बसलो होतो, ते त्या दुपारी गेलं, असं त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं. खालीच तर कुणीतरी उभं पाहिजे, नाहीतर वरच्याला वर नेणार कोण? असं म्हणताना त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

त्यानंतर पुलीची गरज पडली नाही. मेलाती रोज स्वतःच वर जायची. पडायची, ओरडायची, परत जायची. झुलत्या बांबूवर लटकून वजन टाकायची, पुढचा बांबू हाती आला नाही तर रागाने पहिला हलवायची. भाऊ म्हणायचे, रमाचाच स्वभाव आहे.

परीक्षेचा दिवस आला. पद्धत साधी होती. सकाळी तिला कुंपणातल्या खऱ्या जंगलात सोडायचं. कुणी हाक मारायची नाही. संध्याकाळी पाच वाजता फळांची टोपली जमिनीवर ठेवायची. ती वर घरटं करून तिथेच राहिली तर बेट. खाली उतरून जमिनीवर झोपली तर पिंजरा.

तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे. मी सकाळपासून रमाकडे बसून होते. उन्नती मधूनमधून दोन शब्द पाठवायची. अकरा वाजता आलं, जमिनीवर बसली आहे. साडेबाराला आलं, अजून जमिनीवर. रमाने देवासमोर दिवा लावला आणि त्या वानरीचं नाव घ्यायचं की नाही यावर जराशी अडली. मग घेतलं. दोनला आलं, चढली. त्यानंतर दोन तास काहीच नाही. त्या दोन तासांत आम्ही तीन वेळा चहा केला आणि एकदाही प्यायलो नाही.

तिकडे काय चाललं होतं ते भाऊंनी नंतर सांगितलं. मेलाती एका झाडाच्या शेंड्याला पोचली, पण ते झाड बारीक, घरट्याजोगं नाही. दाट पानांचं झाड समोर होतं आणि मध्ये दोन माणसं आडवी मावतील एवढं अंतर. तिने वजन टाकलं. झाड वाकलं, हात पोचला नाही. झाड मागे आलं, तिने घाईत वजन टाकलं आणि झोकाच मोडला. ती बुंध्याला घट्ट चिकटून बसली. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी सुस्कारा टाकला. भाऊंचा हात आपोआप वर गेला होता, मूठ आवळलेली. थांब. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, तिला ती खूण कळायचं कारणही नव्हतं, पण ती थांबली. झाड स्थिर होऊ दिलं. मग एक झोका, दुसरा झोका, आणि तिसऱ्याला ती अख्ख्या अंगाने पलीकडे गेली.

चारच्या सुमारास, म्हणजे तिथल्या साडेपाचला, आमचा फोन वाजला. पडद्यावर आधी नुसतं हिरवं दिसत होतं. मग जमीन दिसली आणि तिच्यावर फळांची टोपली, केळी, पपई, सगळी जशीच्या तशी. फोन वर वर गेला. खूप उंचावर, दाट पानांत, मोडलेल्या फांद्यांचा एक गोल ढीग होता. त्यातून एक लांब लाल हात बाहेर आला, त्याने आणखी एक फांदी आत ओढून घेतली आणि हात दिसेनासा झाला.

मागून माणसांचे आवाज येत होते. कुणी हसत होतं, मिस्त्री काहीतरी गात होता. डॉक्टरीणबाई उन्नतीच्या गळ्यात पडून रडत होत्या. मग भाऊंचा चेहरा आला, मास्क हनुवटीवर, नाक लाल.

“एकटी राहीन ना जी ती वर?” रमाने विचारलं. देवासमोर दिवा लावेपर्यंत ज्या बाईने त्या प्राण्याला वानरीशिवाय दुसरं नाव दिलं नव्हतं, ती फोन दोन्ही हातांनी धरून उभी होती.

“राहीन,” भाऊ म्हणाले. “एक डाव बी खाली नाही पाह्यलं पोरीनं.”